गिरिधरचा बिल्ला

आमचे नंदनवन वस्तीतले शेजारी मारोतराव तसे तापट. भाजीवाल्याशी भांडतील, पेपरवाल्याशी भांडतील. पण दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नाही, आणि लोकही फिरवत नसतील असं धरून चालले. तिथेच त्यांची फसगत झाली.

बत्तीस वर्षं ते कोळशाच्या खाणीवर बत्तीघरात होते. उतरणाऱ्याला दिवा द्यायचा. त्याने आपला पितळी बिल्ला बोर्डावरच्या खिळ्याला अडकवायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हातही लावायचा नाही. पाळी सुटल्यावर बिल्ला उरला, तर माणूस खाली आहे. इतकं सरळ.

त्र्याण्णव साली खाणीत पाणी शिरलं. बाकी सगळे वर आले, एकशे सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला तेवढा उरला. तो गिरिधरचा, मारोतरावांच्या जिवलग मित्राचा. कंपनी म्हणाली, तो त्या दिवशी उतरलाच नव्हता, घर सोडून पळाला असेल. हजेरीचं पान गायब झालं. त्याची बायको देवकीबाई कॉलनीत 'नवऱ्याने टाकलेली' ठरली. खरं सांगणारा तो एकटा बिल्ला. खाण बंद पडली तेव्हा मारोतरावांनी बोर्ड बिल्ल्यासकट घरी आणून टांगला. दर दिवाळीला घर रंगायचं, ती भिंत सोडून.

गेल्या वर्षी शहरात खाण कामगारांचं संग्रहालय निघालं. गिरिधरचाच मुलगा जितेंद्र तिथे व्यवस्थापक. तो बोर्ड मागायला आला.

"काका, जसा हाय तसा ठेवीन. एकच बिल्ला, अन् खाली बाबाचं नाव. आईची शपथ."

मारोतरावांनी बोर्ड दिला. बापाची अब्रू मुलगा राखणार नाही तर कोण, असं मलाही वाटलं. गाढवच आम्ही दोघं.

उद्घाटनाला मी त्यांच्यासोबत गेलो. देवकीबाई नवं पातळ नेसून आल्या होत्या. बोर्डावर दोनशे नवेकोरे बिल्ले चमकत होते, एकही खिळा रिकामा नाही. खाली पाटी, 'हजेरीची जुनी पद्धत'. गिरिधरचं नाव कुठेच नाही. देणगीदारांच्या यादीत पहिलं नाव मात्र त्याच कंपनीचं.

"भाऊजी," देवकीबाईंनी विचारलं, "एवढे सारे खालीच राहिले का?"

मारोतरावांनी जितेंद्रला बाजूला घेतलं. मागोमाग मी आणि देवकीबाईही गेलो. "काहून गा असं केलं?"

"काका, एकच बिल्ला ठेवला असता तं लोकाइनं प्रश्न इचारले असते. कंपनीनं पैसा लावला हाय. माही नोकरी बी नवीन हाय."

"जुना बिल्ला कुठी हाय?"

"काळा पडला होता. गोदामात टाकला."

"खिळ्यावरून कोणं काढला?"

"मीच."

मला वाटलं, आता म्हातारा याच्या कानाखाली वाजवणार. मला तर तेच हवं होतं. पण मारोतरावांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"बिल्ला निघाला म्हणजे माणूस वर आला. तीस वर्षं झाले, मी वाट पाहून राहिलो. दाखव मंग, कुठी हाय तुहा बाप?"

देवकीबाईंनी खरंच दाराकडे पाहिलं.