पाच गावांची परात

आमच्या पाच गावांच्या बायकांनी मिळून फुलांचा संघ काढला तेव्हाच एक रीत पाडली. कोणी पाडली विचाराल तर सांगता यायचं नाही, सगळ्याच एकदम बोलत होतो. ठराव मांडला की मधे परात ठेवायची आणि प्रत्येक गावच्या बाईनं ओंजळभर झेंडू तीत टाकायचा. एका गावानं जरी हात आखडला, तरी ठराव मोडला. कोणावर जबरदस्ती नको, एवढंच मनात होतं.

दर टोपल्यामागे थोडे पैसे सामाईक फंडात जायचे. त्यातून टेम्पोचं भाडं निघायचं, आणि जिथली वाट वाईट तिथं मुरूम पडायचा. सगळ्यात जास्त भरायचं नदीकाठचं गाव. काळी जमीन, बारमाही पाणी. माझी लहानपणची मैत्रीण तिथं दिलेली. खरं तर संघ आम्हा दोघींनीच माझ्या चुलीपुढं बसून जुळवलेला.

मग धारणीच्या वाटेवरची तीन गावं आम्हालाही संघात घ्या म्हणू लागली. त्यांची फुलं जीपच्या टपावरच सुकून जायची. त्यांच्यातली एक बाई बैठकीला आली आणि माझ्या ओसरीच्या पायरीवर बसून राहिली.

मैत्रीण म्हणाली, "आमी भराचं, अन् मुरूम त्याईच्या रस्त्यावर टाकाचा? आमच्या नाल्यावरचा पूल कवा होईन मंग?"

मी म्हटलं, "पुढच्या साली करू न वो."

"पुढच्या साली अजून तीन गावं येतीन. तुया ओसरीले भिंतीच नाहीत, बाई!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. पण परात तिच्यापुढं आली तेव्हा तिची फुलं पदरातच राहिली. पायरीवरची बाई उठून बसस्टँडकडे गेली.

बाकी चार गावांना ते सहन झालं नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी रीतच बदलली : निम्म्याहून जास्त ओंजळी पडल्या की ठराव झाला.

"मंग आमाले कायले बोलावता?" म्हणत मैत्रीण उठली. मी दारापर्यंत गेले. म्हटलं, "थांब न वो, चहा ठेवला हाय." थांबली नाही. तिचं गाव गेलं, ती तीन गावं आली.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी अकोल्यात, जुन्या शहरात, ती आणि मी समोरासमोर ढीग लावून बसलो होतो. हारवाले चाचा आधी माझ्याकडं आले.

"उधर सस्ता है, बाई."

मी भाव उतरवला. ते तिकडं गेले, तिनंही उतरवला. असे दोन-तीन फेरे झाले. शेवटी चाचाच वैतागले, "अरे, पहले तो तुम दोनों एकच भाव बोलती थी!"

फुलं दोघींचीही मातीमोल गेली.

उन्हं उतरली तशी ती रिकामी टोपली घेऊन माझ्यापुढून निघाली. पाय दुखत असावेत, थांबत थांबत चालत होती. चाल संगं, म्हणायला मी तोंड उघडलं. पण आमचा टेम्पो आता तिच्या गावावरून जात नाही.