तक्त्यातलं ओके

"हात लावल्याबिगर मी नाय लिवनार." असं म्हणून दादा पँटला हात पुसायचे आणि चालू पंपावर तळवा ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग कुठं त्यांच्या तक्त्यात 'ओके' उमटायचं.

दादा कोन गावचे. तळोज्याच्या आमच्या केमिकल कंपनीत फिटर. वीस वर्षं झाली तरी कंत्राटावरच, हेही सांगून ठेवतो.

ओके तुम्हीही दिवसातून पन्नास वेळा म्हणता. खरं सांगा, अर्थ काय असतो? साहेब फोनवर 'ओके ओके' करतो तेव्हा त्याला फोन ठेवायचा असतो. बायकोचं नुसतं 'ओके' आलं की संध्याकाळी आपली धडगत नाही. पण सगळ्यात हरामखोर ओके आमच्या तपासणीच्या तक्त्यावरचं. तिथं अर्थ एकच, कुणी बघितलेलं नाही. सोमवारी चहा पिता पिता आख्ख्या आठवड्याचे रकाने भरायचे, आणि वेगळ्या दिवसांचं वाटावं म्हणून दोन पेनं वापरायची. मीही भरायचो.

दादांना एका तक्त्याला अर्धा दिवस लागायचा. आम्ही हसायचो.

"दादा, पंपाशी सोयरीक जुळवताय काय?"

"जुळवतो की. तुमच्यापरीस बरा हाय तो, खोटा बोलत नाय."

मग गॅसचा भोंगा बंद पडला. वायू गळला तर सगळ्यांना बाहेर काढणारा तो एकच भोंगा. दादांनी बटण दाबलं, वाजला नाही. त्यांनी लिहिलं, 'बंद'. दुसऱ्या दिवशी बाहेरची माणसं तपासणीला येणार होती. साहेबानं तक्ता टेबलावर आपटला.

"खोडा ते. ओके लिहा, नंतर बघू."

"वाजत नाय, साहेब. आत मान्सा कामाला हायेत."

"लिहिता की नाही?"

"नाय."

आम्ही सहाजण तिथं उभे होतो. एकेक करून सगळे आपापल्या कामाला निघून गेलो. थू आमच्या जिंदगानीवर!

सकाळी गेटवर दादांचा पास चालला नाही. कंत्राटी माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नाही. मी मागेच होतो. डबा हातात धरून ते बाजूला झाले.

"तुमी जा आत, तुमची शिफ्ट हाय."

आणि मी गेलो. साहेबानं कोरा तक्ता माझ्यापुढं सरकवला. मी तो भरला, भोंग्याच्या रकान्यासकट.

भोंगा अजून बंदच आहे. कोन काही लांब नाही, पण दादांच्या दारात उभं राहून हे सांगायची माझी छाती होत नाही.