दोन हमालांची पेटी

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. उभा राहिला तर डोकं पायरीला लागतं, बसला तर गुडघे टेबलाला. पन्नाशीला टेकलेला गडी, लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "एक पोर वाढवलं, तेवढं पुरे झालं."

ते पोर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, बारक्या. आई गेली तेव्हा बारक्या अकराचा, हा सव्वीसचा. पोरगं मुकं झाल्यागत कोपऱ्यात बसायचं. मग यानं भंगारातून एक व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं, खटपट करून चालू केलं. त्यात एकच खेळ होता. दोन हमाल, एक जड पेटी आणि समोर डोंगर. पेटीला एक कडी पुढं, एक मागं. एकानं हात सोडला किंवा घाई केली, की पेटी दरीत. बारक्या पुढची कडी धरायचा, हा मागची.

"उचल! वर घे! अरे गाढवा, ओढू नकोस!"

"दादा, तूच ढिला पडतोयस!"

खालच्या मजल्यावरची म्हातारी एकदा वर आली आणि म्हणाली, "बाबांनो, किती दिवस ते कपाट हलवताय? ठेवा की कुठंतरी एकदाचं!"

पुढं बारक्या शिकला, लांबच्या शहरात नोकरीला लागला, संसाराला लागला. वर्षातून एकदा यायचा, मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसायचा आणि जायचा. दोघांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'तब्येत जप' एवढ्यावर आलं.

आणि मग एक दिवस त्याचाच फोन आला. "दादा, आपल्या हमालांचा दुसरा भाग निघालाय! शनिवारी येतो. खेळू."

किल्लीवाल्यानं नवं यंत्र घेतलं, तो खेळही घेतला. खेळाच्या खोक्यावर 'दोघांसाठी' लिहिलेलं वाचून कंट्रोलरही दोन घेतले. शनिवारी दुकान बंद ठेवलं. मनात एकच होतं: खेळ रंगला की हळूच म्हणायचं, बारक्या, महिन्यातून एक शनिवार असाच येत जा. नुसतं 'ये' म्हणायला जीभ उचलत नव्हती. निमित्त हवं होतं, ते आयतं चालून आलं.

दुपारी एकला बारक्या आला. खेळ लावला. डोंगर झकास, झाडाचं पान न् पान हलतंय. पण हमाल एकच, अन् पाठीवर गोणी.

"दुसरा कुठाय?"

"दुसरा त्याच्या घरून खेळतो, दादा. ज्याची गोणी त्याच्या पाठीवर. इंटरनेटवर भेटायचं."

"छे! कुठंतरी कुलूप घातलं असणार." जन्म कुलपांत गेलेला माणूस. तो एकेक यादी उघडत बसला. एक बटण दाबून दुसरं दाब, बंद कर, परत चालू कर. दीड तास. बारक्यानं जांभई दिली.

"अरे दादा, कुलूप असेल तर उघडशील. इथं दारच ठेवलं नाही त्यांनी."

मग बारक्यानं कंट्रोलर घेतला. त्याचा हमाल हरणासारखा सुटला. उड्या मारत, कडे चढत अर्ध्या तासात तीन टेकड्या पार. बारक्याचा चेहरा अकरा वर्षांच्या पोरासारखा फुलला.

"भारी केलाय रे! पहिल्यात वैताग यायचा. सारखं तुझ्यासाठी थांबावं लागायचं."

"माझ्यासाठी?"

"मग! पायऱ्या आल्या की तू हमखास अडखळायचास. मी मुद्दाम हळू चालायचो."

इतकी वर्षं किल्लीवाला समजून होता, की पायऱ्यांवर पाय आपण आखडता घेतो, बारक्या लहान आहे म्हणून.

"जुनाच लावू का? एक डाव?" त्यानं विचारलं.

"आता नको, दादा. चारची गाडी आहे."

गाडीपाशी बारक्या खिडकीतून म्हणाला, "मीही हा घेतो घरी. तू इथून खेळ."

गाडी सुरू झाली, तसा किल्लीवाला खिडकीबरोबर चार पावलं चालला. "बारक्या, महिन्यातून एखादा शनिवार... येत जा की."

"कशाला दादा? आता घरबसल्या जमतंय की!" बारक्या मनापासून म्हणाला. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

परत येऊन त्यानं दुकान उघडलं. शेजारचा चपलावाला टाके घालता घालता म्हणाला, "काय हो, आज सुट्टी होती ना? भाऊ आलेला. कसा निघाला तुमचा खेळ?"

किल्लीवाल्यानं दिवा लावला, कानस हातात घेतली.

"चांगला आहे," तो म्हणाला. "त्याला आवडला."