आबा मला न्यायला आले

सेनगावच्या स्टँडवर एसटी सुटेपर्यंत माझे वडील, आबा, खिडकीचा गज धरून उभे होते. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, बोलणं मोजकंच. तरी तीनदा म्हणाले, "त्यांच्या देवाचं काई म्हणाया लावलं तर तशीच निघून ये." नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्यात कॅथलिक सिस्टर चालवत असलेल्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता, आणि मी बाटणार हे निम्म्या गावानं ठरवून टाकलं होतं.

माझ्यासारखे जे गाव सोडून शिकायला निघालात, त्या तुम्हाला ते पहिले महिने सांगायला नकोत. मेस, जर्नल, असाइनमेंट हे शब्द तोंडात बसेपर्यंत मी तोंड धुण्याच्या निमित्तानं रडायचे. चॅपलची घंटा रोज वाजे. जायचं त्यानं जावं. सक्ती एकच होती, शनिवारी बांधकाम मजुरांच्या वस्तीत जाऊन शिकवायची. प्राचार्या सिस्टर म्हणत, "शिकलेलं एकटीनं ठेवून घ्यायचं नाही."

मी हौसेनं घरी कळवलं, सिस्टर आम्हाला वस्तीत पाठवतात. आबांना वाचता येत नाही. पत्र वाचून दाखवताना चुलत्यानं 'धर्म पसरवायला' एवढं पदरचं घातलं.

आठवडा उलटला नाही तोच आबा वसतिगृहाच्या दारात. हातात माझं सामान भरायला रिकामं पोतं. मेंढरं दुसऱ्यावर सोडून आले, म्हणजे निकाल लागलाच होता. नेमका शनिवार होता. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "न्या. पण आधी ती काय करते ते बघा."

वस्तीत आमच्याच जिल्ह्यातली माणसं होती. हट्टा गावची एक बाई पाटीवर आपलं नाव गिरवत होती. ती आबांना म्हणाली, "भाऊ, लेकीला घेऊन चालले व्हय? माजं आडनाव लिवायचं राह्यलं की."

आबांनी वाकून ती पाटी पाहिली. आमच्याकडं खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. कळप आमचा, पिकतं त्यांचं रान. आबांना सगळं जग त्याच मापानं कळतं. सोबत आलेल्या सिस्टरना म्हणाले, "बराबर हाय. पोरगी तुमच्या रानात बसवली म्हणतो. बाईचं आडनाव हू द्या."

एकटेच परत गेले.

आता मी याच शहरात शिकवते, शनिवार अजून सुटलेला नाही. गावी गेले की आबा मला पाहुण्यासारखं बसू देत नाहीत, कोकरं फिरवायला धाडतात. जिथं न विचारता काम सांगतात ते आपलं घर, असं मला वाटतं, आणि एक गावी, एक इथं वस्तीत, अशी दोन घरं मिळाल्याचा आनंदच आहे. तरी माझ्या वयाच्या ज्या पोरी गावातच मागं राहिल्या, त्यांचं वाईट वाटतं. आबांनी त्या दिवशी मला नेलं नाही, त्याचे आभार मी कधी बोलून मानले नाहीत. फोनवर ते मेंढरांचं सांगतात, मी परीक्षांचं. ठेवताना म्हणतात, "तिथंच ऱ्हा पोरी. येत जा मातर."