तीन ठोके

“मागं सरा.” कुणाशीही बोलताना तो अशीच सुरुवात करायचा. चहाच्या टपरीवर, एसटीच्या दारात, एकदा तर आमच्या हेडमास्तरांच्या टेबलापाशीसुद्धा. विहिरीत सुरुंग लावणारा माणूस तो, सगळी उमर लोकांना मागं सारण्यात गेलेली. धंद्याचा शब्द असा तोंडात बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदीच्या दशकात मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. आई आणि मी शाळेमागच्या खोलीत राहायचो. शिवारात नव्या विहिरीचं काम निघालं आणि त्याची टोळी आली. त्याची बायको आदल्या साली वारलेली. सहा वर्षांची पोर बापाबरोबर कामावर यायची आणि बाभळीखाली बसून राहायची.

सुरुंग पेटवण्याआधी तो टांगलेल्या लोखंडावर तीन ठोके मारी. ठोके ऐकले की पोरीनं बांधामागं पळायचं, पालथं पडायचं, कान झाकायचे. हे त्यानं तिच्या अंगात इतकं भिनवलं होतं की गाढ झोपेतूनही ती बांधाकडंच पळाली असती. तरी एकदा तिला उशीर झाला आणि मुठीएवढा दगड डोक्यावरून गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला.

“बाई, हिचं नाव घाला. दगुड काय बघून पडत न्हाई.”

तयारी मात्र त्यानं झकास केली होती. नवी पाटी, वाढत्या अंगाचा फ्रॉक. बाहेर जायचं असेल तर करंगळी दाखवायची हेही शिकवलेलं. तासभर मांडी घालून बसायची सवय लावली होती, त्याचा त्याला फार अभिमान. “बगा, हालती का जराबी?” एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

आमच्या शाळेचा टोल म्हणजे रुळाचा एक तुकडा. पहिल्या दिवशी शिपायानं टोल दिला, तशी पोर उठली, सुसाट पळाली आणि मैदानाच्या कडेच्या बांधामागं पालथी पडली. तिचं बघून निम्मी पहिली तिच्यामागं धावली. मला हसू फुटलं. जवळ गेले तर तिनं फ्रॉक ओला केलेला. हसल्याची फार लाज वाटली.

तीन दिवस हेच चाललं. हेडमास्तर त्याला म्हणाले, “सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर पुढच्या वर्षी आणा.”

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “पुडच्या वर्सापत्तूर ही ऱ्हायली पायजे, बाई.”

त्या संध्याकाळपासून त्यानं झोपडीसमोर पहार टांगली. एक ठोका, जागेवर बसली तर एक गुळाचा खडा. पोर पळायची, तो धरून आणायचा, पुन्हा ठोका. “जमतंय का?” मी विचारलं, तर माझ्यावरच खेकसला.

“हितं पळू नगं म्हनतो. उद्या तिथं पळाली न्हाई तर? मग काय करू?”

“शाळा नसेल तेव्हा माझ्या आईजवळ ठेवा. विहिरीवर नेऊ नका,” एवढंच मी म्हणाले.

सोमवारी टोल झाला. पोर थरथरली, पाटी छातीशी धरली आणि जागेवर बसून राहिली.

दोन महिन्यांत ती अगदी रुळली. तेवढ्यात विहिरीला पाणी लागलं आणि टोळीला नेवाशाकडं काम मिळालं. तो दारात आला तेव्हा हातात तिच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

“ठोक्याला पळायचं शिकीवलं ते मीच पुसलं, बाई. आता हिला तिकडं न्यायची म्हंजी...” आईनं गाठोडं हातातून घेतलं.

“तिला सांगून तरी जा,” मी म्हणाले.

“सांगितलं तर माझ्या मागं यील. आन मीबी घिऊन जाईन.”

निघायला त्यानं शाळेचीच वेळ निवडली. टोळीचा टेम्पो रस्त्यावर थांबला होता. तो कुंपणाबाहेर उभा, मला खिडकीतून दिसत होता. टोल पडेपर्यंत तो हलला नाही.

टोल पडला. पोर पाटीवर ‘ग’ काढत होती. तिनं मान वर केली नाही. त्यानं ते पाहिलं, आणि टेम्पोकडं चालू लागला. तिनं उठून पळत सुटावं, असं त्या क्षणी मला फार वाटलं.