धने की चणे

नारायण पेठेतल्या त्या किराणा दुकानाला खेटूनच पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना मी धने मागितले की दुकानदारकाका चणे बांधायचे आणि वर मलाच सुनवायचे, "नीट बोलत जा." तपासणीत मात्र त्यांचे कान उत्तम निघाले. "तपासणी शांत खोलीत झाली, माझं दुकान तिथे नाही," असं डॉक्टरांना सांगून त्यांनी श्रवणयंत्रं लावून घेतली.

काल गिरणी घरघरत होती, गर्दीही होती. पिशवी आणली नाही म्हणून काका माझ्यावर खेकसले. मी पाठ फिरवून पुटपुटलो, "खडूस!"

"खडूस म्हणालात ना?"

मी चपापून वळलो, तर काकांचा चेहरा आनंदाने फुललेला.

"अहो, आता जरा आणखी हळू म्हणा बघू!"