हवेतलं पाणी

जळकोटात लुंबिनीला कुणी "जेवण झालं का?" म्हणून विचारलं, तर ती उलट विचारते, "पाणी काढलं का?" नवख्या माणसाला वाटतं, बाई विहिरीचं काहीतरी बोलतेय. चन्नबसप्पा मालकांच्या बसवरच्या ड्रायव्हरांना मात्र हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. नुसतं "हाव" म्हणून सुटका होत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. ती तिथल्या तिथं वाकून गाडीखाली बघते. जमीन ओली दिसली तरच तिचं समाधान होतं.

हे पाणी येतं हवेतून. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून, दाबून गाडीखालच्या टाक्यांत भरतो, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला की तीच हवा जाऊन चाकं धरते. पण हवा कोरडी कुठं असते? दाबलेली हवा टाकीत निवली की तिच्यातली ओल पाणी होऊन तळाशी बसते. म्हणून प्रत्येक टाकीच्या बुडाला सुपारीएवढा एक वाल्व असतो आणि त्याला कडी असते. कडी ओढली की फस्स करून पाणी बाहेर पडतं, सोडली की वाल्व आपोआप मिटतो. दोन मिनिटांचं काम, पण रोजचं. ते टाळलं की पाणी हवेबरोबर पुढं सरकतं, आतून गंज धरतो, आणि एक दिवस ऐन उतारावर ब्रेक लागायला उशीर करतो.

"उतार काय तुमच्यासाठी थांबतो व्हय?" लुंबिनी ड्रायव्हरांना विचारते. म्हणूनच ते तिला मास्तरीणबाई म्हणतात.

मास्तरीण ती आहेच. टाकीतून निघालेलं पाणी ती तळहातावर घेते, बोटानं चोळते, वास घेते. स्वच्छ असलं तर ठीक. चहासारखं दिसलं, हाताला तेलकट लागलं, तर समजायचं की कॉम्प्रेसर तेल सोडून राहिलाय आणि चार दिवसांत इंजिनाकडं बघावं लागणार. तिचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि चुकत नाही हे ती लोकांना विसरूही देत नाही. खोटं कशाला सांगा, बाईंना आपल्या कामाचा थोडा ताठा आहे.

तो ताठा फुकटचा नाही. बाप गिट्टीच्या क्रशरवर खपला. हिनं उदगीरला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला, तेव्हा वर्गात ही एकटीच मुलगी होती, आणि पहिले सहा महिने तिच्या हाती पाना आला तो फक्त पुसायला. कोर्स संपल्यावर ती अर्ज घेऊन चन्नबसप्पांच्या यार्डात गेली. मालकांनी कपाळावरच्या विभूतीला आठ्या घालत तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरी, गाडीखाली झोपावं लागतं."

"घरात तरी कुठं पलंग हाय, मालक," ती म्हणाली.

मालक हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याला अकरा वर्षं झाली. शाळेच्या आणि लग्नाच्या मिळून नऊ बसेस आता तिच्या देखरेखीखाली आहेत. ती म्हणेल तेव्हाच गाडी फाटकाबाहेर जाते. नवरा नागसेन पंचायत समितीत शिपाई आहे. हिला उशीर झाला तर तो मुकाट्यानं भाकरी थापतो, फक्त त्या गोल होत नाहीत. म्हातारी माय, कोंडाबाई, हिच्याचकडं असते. एकंदरीत बाईचं बरं चाललंय, आणि ते तिलाही माहीत आहे.

या दसऱ्याला तर ती जास्तच खुशीत होती. वस्तीतल्या चाळीस माणसांनी नागपूरला दीक्षाभूमीवर जायला चन्नबसप्पांची सगळ्यात नवी बस ठरवली होती. कोंडाबाईचं जाणं दोन वर्षं हुकलं होतं, एकदा गुडघ्यानं आणि एकदा मोतीबिंदूनं. यंदा म्हातारीनं आठ दिवस आधीच पिशवी भरून ठेवली होती आणि रोज एकदा ती उघडून पुन्हा भरत होती. मायसाठी लुंबिनीनं दोन संध्याकाळी बस घासूनपुसून काढली. एवढ्यावर जीव भरेना, तेव्हा ती ब्रश घेऊन खाली शिरली आणि हवेच्या तिन्ही टाक्यांना चांदीचा रंग दिला. गाडीच्या पोटाखाली कोण बघतं? पण माय त्या गाडीत बसणार होती.

गाडीवर ड्रायव्हर होता भुजंग. हात चांगला, पण ग्रह खराब. लग्नसराईत त्यानं मागं घेताना एका मंगल कार्यालयाची कमान पाडली होती आणि गाडीचे दिवेही फोडले होते. तेव्हाच मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आता एक जरी नुकसान झालं, तर चावी ठेवायची अन् घर गाठायचं." घरी त्याच्या दोन मुली शिकत होत्या. तेव्हापासून भुजंग गाडीला हात लावतानासुद्धा जपून लावायचा. मास्तरीणबाईच्या शिव्या सगळ्यात जास्त त्यानंच खाल्ल्या होत्या, त्यामुळे टाकीचं पाणी काढायला तर तो कधीच चुकत नव्हता.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेपाचला यार्ड गजबजलं. मालक गाड्यांची पूजा करायला झेंडूचे हार घेऊन आले होते, आणि वस्तीतली मंडळी पांढरे कपडे घालून, निळे झेंडे घेऊन बसभोवती जमली होती. कोंडाबाई सगळ्यांच्या आधी चढून खिडकीत बसली होती. भुजंगनं इंजिन सुरू केलं, हवा पूर्ण भरू दिली, दाबाचा काटा आठवर आला. मग शिस्तीप्रमाणे खाली उतरून पहिल्या टाकीची कडी ओढली, दुसरीची ओढली, तिसरीची ओढली.

तिसरीतून पाणी आलं, पाण्यामागून हवा आली, आणि ती थांबेचना. भुजंगनं कडी हलवून पाहिली, वाल्व अंगठ्यानं दाबून पाहिला. फस्स चालूच. वर डॅशबोर्डवरचा काटा आठवरून सहावर, सहावरून चारवर आला आणि हवा कमी पडल्याचा भोंगा कोकलायला लागला.

"काय मोडलंस रे?" हातातला हार तसाच टाकून मालक धावत आले.

"काय न्हाई मालक, नुसती कडी वढली."

"नुसती वढली! मग ह्ये काय वाजून राहिलंय?"

"निघायच्या टायमालाच वढायची काय गरज व्हती?" गर्दीतून कुणीतरी बोललं. दुसऱ्यानं कमानीची आठवण काढली. भुजंगचा चेहरा पडला.

लुंबिनीनं इंजिन बंद करायला लावलं, चाकांना दगड लावले, पोतं अंथरलं आणि खाली सरकली. टाकीतली हवा पूर्ण जाऊ दिली आणि पान्यानं तो वाल्व खोलला. मोबाईलचा उजेड पाडून आत पाहिलं. वाल्वच्या आतल्या रबरावर नखाएवढा पापुद्रा चिकटून बसला होता आणि त्यामुळं वाल्व मिटत नव्हता. पापुद्रा चांदीच्या रंगाचा होता.

रंग तिनंच दिलेला. रंग देताना वाल्वला आधी चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर रंग फटीत उतरतो, वाळतो आणि कडी ओढली की त्याचे पापुद्रे आत जातात. हे तिनं यार्डात आलेल्या प्रत्येक पेंटरला दम देऊन सांगितलं होतं. परवा दोन वाल्वना तिनं पट्टी गुंडाळली होती. तिसऱ्याच्या वेळी मायचा फोन आला होता, स्वेटर घेऊ का नको म्हणून. तिनं "घे" म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि सरळ ब्रश उचलला. काल गाडी उभीच होती, म्हणून कडी कुणी ओढली नव्हती. आता तिला सगळं लख्ख आठवलं.

पापुद्रा नखानं उडवायला क्षणसुद्धा लागला नसता. तिथं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. गाडीखालून तिला माणसांचे नुसते पाय दिसत होते. मालकांचं पांढरं धोतर आणि कोल्हापुरी चपला, आणि जरा बाजूला, कुणी जवळ घेत नाही असे उभे असलेले भुजंगचे फाटके बूट. तिला आपल्या अकरा वर्षांची आठवण झाली. पेंटर काय म्हणतील, ड्रायव्हर कसे हसतील, उद्यापासून "पाणी काढलं का" हे कुठल्या तोंडानं विचारायचं, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. अशा वेळी भल्याभल्यांचं बोट त्या पापुद्र्याकडं वळतं, आणि तिचंही वळलं होतं हे कबूल करायला हवं.

तेवढ्यात वरून मालकांचा आवाज आला. "चावी दे. शिवलिंगाला फोन लावतो, तो नेतो गाडी. तू घरी जा."

भुजंगचे बूट एक पाऊल पुढं सरकले. खिशातून चावी काढल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

लुंबिनी सरपटत बाहेर आली. हातात वाल्व तसाच धरलेला होता.

"मालक, चावी राहू द्या त्याच्याकडं. त्यानं काय मोडलं न्हाई. मी मोडलं."

"तू? तू कवा हात लावलास?"

"परवा मी टाक्या रंगवल्या. ह्या वाल्वला पट्टी लावायची राहिली माझ्याकडून. ह्यो बघा रंग, आत शिरलाय. त्यानं कडी वढली म्हणून आत्ता कळलं. हितं न वढता निघाला असता, तर रस्त्यात कुठं वढली असती अन् तिथंच अडकले असते सगळे. घरी पाठवायचंच असलं तर मला पाठवा."

चन्नबसप्पांनी पापुद्रा बोटावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग तिच्याकडं पाहिलं. मालक चिडले की आधी कान लाल होतात, आणि ते लाल झालेले सगळ्यांना दिसत होते.

"गाडी कवा निघंल?" त्यांनी विचारलं.

"पाऊण तासात."

"मग हितं बोलत काय बसलीस?" असं म्हणून त्यांनी चावी भुजंगच्या हातावर आपटली आणि ते पुन्हा आपल्या हारांकडं वळले. मालकांची माफी मागायची हीच पद्धत, तेवढी यार्डातल्या सगळ्यांना कळते.

रबराला चीर गेली होती, म्हणून सुट्टीवर उभ्या असलेल्या शाळेच्या बसचा वाल्व काढावा लागला. भुजंग न बोलावता तिच्या शेजारी गाडीखाली येऊन पडला आणि पाने देत राहिला. वाल्व बसवला, हवा भरली, जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. तरीही तिनं तिन्ही कड्या पुन्हा एकदा ओढून सोडून पाहिल्या, मग उरलेल्या दोन्ही वाल्वची तोंडंही पुसून घेतली. काटा आठवर जाऊन स्थिर झाला. ती वर चढून दहा मिनिटं नुसती त्या काट्याकडं बघत बसली. काटा तसूभर हलला नाही.

पण मंडळी चढेनात. दारात अंगणवाडीच्या सिंधुताई उभ्या होत्या. त्या वाईट मनाच्या नाहीत, पण मनात आलेलं ओठांवर आल्याशिवाय राहत नाही.

"राग धरू नकोस लुंबिनी," त्या म्हणाल्या, "पण परवा बी तुला वाटलंच व्हतं ना गाडी चांगली हाय म्हणून? मग आजची ग्यारंटी काय? लेकरंबाळं हायेत आमची."

मागं दोघातिघांनी माना हलवल्या. प्रश्न खरा होता. तिनं एवढी वर्षं दुसऱ्यांना विचारलं होतं, आज तिला कुणी विचारत होतं. हातातल्या फडक्याची तिनं उगाच घडी घातली, पुन्हा उलगडली. कोंडाबाईही खिडकीतून खाली बघत होती आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करणारं तिचं बोट थांबलं होतं. माय उतरते की काय, असं लुंबिनीला वाटून गेलं.

तेव्हा भुजंग पुढं झाला. माणूस मुळात बोलणारा नाही, त्यामुळे सुरुवात करतानाच त्याला ठसका लागला.

"ताई, ही बाई तोंड दाबून गप बसली असती ना, तर आत्ता मी घरी असतो, शिवलिंग गाडीवर असता, अन् तुमाला कुणाला काय बी कळलं नसतं. रंग नखानं उडवला असता, झालं. तिला कोण बघत व्हतं खाली?" त्यानं गाडीखाली बोट दाखवलं. "सोताची चूक जी लपवत न्हाई, ती गाडीची कशाला लपवंल? ती निघा म्हणली, की मी डोळे झाकून निघतो बघा."

"डोळे झाकून?" सिंधुताई किंचाळल्या.

"म्हंजे... उघडे ठिवूनच वो! इस्वासाचं म्हणलं मी."

सगळं यार्ड खो खो हसलं. हसता हसताच सिंधुताईंनी पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यांच्या मागं दोघंतिघं, मग झेंडे सांभाळत, पोरांना वर चढवत बाकीची सगळीच माणसं. अकरा वर्षं ड्रायव्हर आपल्या जिभेला भिऊन पाणी काढतात, हे लुंबिनीला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यावर ती खूश होती. आज तिची चूक चाळीस माणसांना ठाऊक होती, आणि ती ठाऊक असून ते तिच्या शब्दावर चढत होते. तिचे डोळे भरून आले, आणि तेलकट हातांनी ते पुसायचीही सोय नव्हती.

भुजंग सीटवर बसला. चावीला हात लावला, पण फिरवली नाही. मान वळवून तो तिच्याकडं बघत राहिला, आणि त्याच्यामागून सगळी गाडी बघत राहिली.

लुंबिनीनं दारातून शेवटचं एकदा काट्याकडं पाहिलं.

"निघा," ती म्हणाली.